श्रावणांतील हिरवळ आणि जमिनींतील खार

नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यानें बारामती व इंदापूर या दोन तालुक्यांचें रूप पालटलें, ही गोष्ट येथील प्रत्येक बागाइतदार जाणतो. त्याच पाण्यानें सखल अंगाच्या कित्येक जमिनी चिबड झाल्या, खारवल्या, आणि जेथें पूर्वीं शाळूचीं कणसें डोलत तेथें वेडी बाभूळ माजली, हीहि गोष्ट त्याच्या नजरेआड नाहीं. अशी एखादी जमीन खंडानें घ्यावी कीं सोडून द्यावी, किंवा आपलाच पडीक तुकडा पुन्हां उसाची लावण करण्याइतपत सुधारला आहे काय, असा प्रश्न दर वर्षीं कोणा ना कोणा सभासदापुढें उभा राहतो. हा निर्णय पुष्कळदां जमिनीवरील गवत पाहून केला जातो. श्रावण-भाद्रपदांत रान हिरवेंगार दिसलें म्हणजे जमिनीचा खार गेला, असें समजण्याचा प्रघात पडला आहे.

गवतावरून जमिनीची परीक्षा करणें ही रीत जुनी आहे व चांगलीहि आहे. परंतु साक्षीदार ओळखल्यावांचून त्याची साक्ष मानणें जसें न्यायास धरून होत नाहीं, तसेंच गवत ओळखल्यावांचून केवळ हिरवा रंग पाहून व्यवहार ठरविणें शहाणपणाचें नाहीं. आडसाली उसाची लावण जुलै-ऑगस्टांत, म्हणजे नेमकी याच हिरवळीच्या दिवसांत होते. हिरवळ दसरा-दिवाळीपर्यंत टिकते. आडसाली ऊस मात्र सोळा-अठरा महिने रानांत उभा राहावयाचा असतो, व त्यास मधला सबंध उन्हाळा काढावयाचा असतो. म्हणून खारवट जमिनीवर येणारीं गवतें कोणतीं, त्यांपैकीं एकाच हंगामाचें आयुष्य असणारीं कोणतीं, आणि प्रत्येकाच्या साक्षीस किती मोल द्यावें, याचें विवेचन या लेखांत करण्याचें आम्ही योजिलें आहे.

खार खालीं-वर कसा होतो

कालव्याचें पाणी १८८५ च्या सुमारास पुरंदर, बारामती आणि इंदापूर या तालुक्यांतून वाहूं लागलें. या भागाचा पाऊस वर्षाला वीस इंचांच्या आसपास, आणि त्यांतलाहि मोठा वांटा उत्तरा व हस्त या नक्षत्रांवर अवलंबून. अशा अवर्षणाच्या मुलखांत पाणी मिळतांच उसाची लागवड वाढली. पाणी अधिक दिलें म्हणजे पीक अधिक येतें, ही समजूतहि तिच्याबरोबर वाढली. पंचवीस वर्षांच्या आंत तिचें फळ दिसूं लागलें. पुण्याच्या शेतकी कॉलेजाचे डॉ. हॅरल्ड मॅन व त्यांचे सहकारी ताम्हणे यांनीं नीरेच्या खोऱ्यांतील खारवट जमिनींचा अभ्यास करून १९१० मध्यें मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्याकडून त्यावर स्वतंत्र पुस्तिका प्रसिद्ध केली. म्हणजे या व्याधीचें निदान होऊनहि आतां शंभरावर वर्षें लोटलीं आहेत.

निदान थोडक्यांत असें. आपल्या काळ्या जमिनींत व तिच्याखालील मुरमांत कांहीं क्षार मूळचेच असतात. कोरडवाहू शेतींत ते खोल राहतात आणि पिकाच्या मुळांस त्यांचा उपद्रव होत नाहीं. वरच्या अंगाच्या शेतांतून व पाटांतून झिरपलेलें पाणी सखल भागांत सांचूं लागलें म्हणजे भूगर्भांतील पाण्याची पातळी चढते. ती जमिनीच्या पृष्ठभागापासून पांच-सहा फुटांच्या आंत आली कीं दिव्याच्या वातींतून तेल चढावें तसें पाणी काळ्या मातींतून वर चढतें. पाणी उन्हानें उडून जातें आणि त्याबरोबर आलेला क्षार वरच राहतो. माघ-फाल्गुनांत बांधाच्या कडेनें व सरीच्या माथ्यावर जो पांढरा फुलोरा दिसतो तो हाच.

पावसाळ्यांत याच्या उलट क्रिया होते. पाऊस गोडा असतो. पहिल्या दोन-चार चांगल्या सरी पडल्या कीं वरच्या दोन-तीन इंचांतील क्षार विरघळून खालीं जातो. तो नाहींसा होत नाहीं. मातीच्या खालच्या थरांत वाट पाहत बसतो. पाऊस सरून जमीन वाळूं लागली म्हणजे तो पुन्हां वर येऊं लागतो. खालीं निचऱ्याची वाट नसेल तर क्षाराचा हा फेरा दर वर्षीं असाच चालतो. ज्या गवतांकडे आपण आतां वळणार आहों त्यांचें सर्व रहस्य या फेऱ्यांत आहे.

वर्षायू आणि बहुवर्षायू

गवतांचे दोन वर्ग करावे. एक वर्षायू, म्हणजे बियांपासून उगवून, फुलून, बीं टाकून एकाच हंगामांत मरणारीं. दुसरा बहुवर्षायू, म्हणजे मुळाशीं किंवा जमिनीखालील कांड्यांत जीव धरून वर्षानुवर्षें राहणारीं. खाऱ्या जमिनींत जगण्याची या दोन वर्गांची रीत अगदीं निराळी आहे.

बहुवर्षायू गवतास चैत्र-वैशाखांतील खार सोसावा लागतो, कारण तें त्या वेळीं तेथें हजर असतें. वर्षायू गवत त्या वेळीं केवळ बीजरूपानें असतें, आणि सुकें बीं खारास भीत नाहीं. त्यास भीति असते ती उगवण्याच्या वेळीं. खाऱ्या जमिनींत वाढणाऱ्या बहुतेक गवतांचें बींसुद्धां कोंब फुटतांना गोडें पाणी मागतें. तें न मिळाल्यास निजून राहतें. पावसानें वरचे दोन-तीन इंच धुतले कीं तें उगवतें, धुतलेल्या त्या पातळ थरांतच आपलीं मुळें पसरतें, आणि खार परत येण्याच्या आंत बीं टाकून मोकळें होतें. तेव्हां वर्षायू गवताच्या साक्षीचा अर्थ एवढाच घ्यावयाचा कीं, गेल्या कांहीं आठवड्यांत येथील वरचे चार बोटें माती पावसानें धुतली गेली. त्याखालीं एक हातावर काय आहे हें त्यानें पाहिलेलेंच नसतें.

समुद्रकांठीं हेंच पाहावें

ज्यास याची खात्री करून घ्यावयाची असेल त्यानें कोंकणांतील खाड्यांच्या कांठीं जावें. भरतीचें पाणी जेथें नित्य येतें अशा खाजणांत गवतें आहेत, पण तीं बहुतेक बहुवर्षायू. एल्युरोपस लॅगोपॉयडिस हें त्यांतलें ठळक. तें जमिनीसरपट पसरतें, पानें आंखूड, ताठ व टोंकदार असतात, आणि कणीस सशाच्या पावलासारखें आंखूड व केंसाळ असतें. लॅगोपॉयडिस या नांवाचा अर्थहि तोच. उन्हाच्या वेळीं त्याच्या पानांवर मिठाचे बारीक कण दिसतात, कारण शोषलेलें मीठ तें पानांतील सूक्ष्म ग्रंथींतून बाहेर टाकतें. स्पोरोबोलस व्हर्जिनिकस हें दुसरें गवतहि असेंच जमिनीखालील कांड्यांनीं पसरणारें आहे. खारांतच घर करून राहावयाचें तर अशी कायमची तजवीज लागते.

वर्षायू गवत भरतीच्या रेषेच्या वर, पावसानें धुतल्या जाणाऱ्या अंगास सांपडतें. युरोपांतील समुद्रकांठच्या खारवट कुरणांतहि हाच क्रम आहे. पॅराफॉलिस स्ट्रिगोसा आणि होर्डियम मरिनम, म्हणजे दर्यावरची जव, हीं तेथील वर्षायू गवतें कुरणाच्या वरच्या, उघड्या पडलेल्या कडेस उगवतात. भरतीच्या नित्य माऱ्यांत त्यांचा निभाव लागत नाहीं.

कोंकणांतील शेतकऱ्यानें तर या गोष्टीवर आपली शेतीच उभारली आहे. भात हेंहि शेवटीं एक वर्षायू गवतच होय. खाडीच्या कांठीं बांध घालून भरती अडवावयाची, शंभर इंचांहून अधिक पडणाऱ्या पावसानें खाचर धुऊं द्यावयाचें, आणि जमीन गोडी असेल तेवढ्या चार महिन्यांत भात काढून घ्यावयाचें, ही खारबंदिस्तीची रीत रायगड जिल्ह्यांत फार जुनी आहे. तिच्या रक्षणासाठीं १९४८ मध्यें मुंबई खार जमीन कायदा झाला. पुढें पनवेल येथील खार जमीन संशोधन केंद्रानें अशा जमिनींसाठीं 'पनवेल' या नांवानें भाताच्या जाति दिल्या. तेथील शेतकरी भाताचें हिरवें खाचर पाहून जमिनीचा खार गेला असें कधीं म्हणत नाहीं. उन्हाळ्यांत तीच जमीन पांढरी पडते हें त्यास ठाऊक आहे. आपल्याकडे पाऊस त्याच्या पांचव्या हिश्शाइतकाहि नाहीं, आणि लावावयाचा असतो तो दीड वर्षाचा ऊस. त्यांनीं जो सावधपणा राखला तो आपण दुपटीनें राखला पाहिजे.

गवत ओळखण्याची रीत

गवत ओळखण्यास मोठी विद्या लागत नाहीं. एक खुरपें, एक साधें भिंग व थोडा धीर असला म्हणजे पुरे. क्रम मात्र पाळावा.

प्रथम हें गवतच आहे ना, तें पाहावें. लव्हाळ्यास आपण सर्रास गवतांत मोजतों, पण त्याचें कांडें तिधारी व भरीव असतें आणि पानें तीन रांगांत निघतात. गवताचें कांडें गोल किंवा चपटें, बहुधा पोकळ व पेरांचें असतें, आणि पानें दोन रांगांत निघतात. बोटांच्या चिमटींत कांडें फिरवून पाहिलें कीं हा भेद तेव्हांच कळतो. लव्हाळा व पाणकणीस हीं पाणी तुंबल्याचीं लक्षणें आहेत. त्यांचा विचार निराळा करावा.

दुसरें, रोप मुळासकट उपटावें. वर्षायू गवत एका हातानें सहज उपटतें. मुळें बारीक, तंतूंसारखीं व उथळ असतात. बुडाशीं गेल्या वर्षाचीं वाळलेलीं पानें अगर जुनीं खुंटें नसतात. आणि हंगाम भरांत आला असतां त्याची बहुतेक प्रत्येक कांडी फुलावर असते. बहुवर्षायू गवताच्या बुडाशीं जुनीं, तपकिरी वेष्टनें असतात, जमिनीखालीं किंवा जमिनीसरपट जाणारीं कांडीं असतात, व न फुललेले फुटवेहि पुष्कळ असतात. खुरप्यावांचून तें पुरतें निघत नाहीं.

तिसरें, पान कांड्यापासून जेथें सुटतें तें ठिकाण भिंगाखालीं पाहावें. तेथें आंतल्या बाजूस एक लहान पापुद्रा किंवा केंसांची झालर असते. तिला जिव्हिका म्हणतात. ती पापुद्र्याची आहे, केंसांची आहे, कीं मुळींच नाहीं, यावरून निम्मीं गवतें वेगळीं काढतां येतात. चौथें, फुलोरा पाहावा: कणसें पंज्यासारखीं एका ठिकाणाहून निघतात, कीं दांड्यावर खालपासून वरपर्यंत ओळीनें, कीं फांद्या फुटून पिंजारल्यासारखीं.

ज्यांना अधिक खोलांत जावयाचें असेल त्यांच्यासाठीं ब्लॅटर व मॅककॅन या दोघांचा मुंबई इलाख्यांतील गवतांवरील ग्रंथ १९३५ मध्यें प्रसिद्ध झालेला आहे, आणि तो अजूनहि उपयोगीं पडतो. वाळवून कागदांत दाबलेला नमुना शेतकी महाविद्यालयांतील वनस्पतिशास्त्राच्या शिक्षकांस दाखविल्यास नांवाची खात्री करून घेतां येते. नमुना घेतांना मुळें व फुलोरा दोन्ही असावीं; नुसत्या पानांवरून कोणीहि निश्चित सांगूं शकणार नाहीं.

कालव्याखालीं पाहावयाचीं गवतें

पहिलें, स्पोरोबोलस कोरोमांडेलिआनस. हें ठेंगणें वर्षायू गवत वीतभर, फार तर हातभर उंचीचें. पानें बुडाशीं दाटलेलीं, त्यांच्या कडेला विरळ ताठ केंस. फुलोरा देवळाच्या शिखरासारखा, खालीं रुंद व वर निमुळता; त्याच्या फांद्या दांड्याभोंवतीं कड्यासारख्या एकाच ठिकाणाहून निघतात, व त्यांचा बुडाकडील भाग उघडा असतो. दाणे खसखशीहून लहान. खारवट व चोपण उघड्या जमिनींवर पाऊस पडतांच हें उगवतें. हें जेथें दाट असेल व दुसरें गवत फारसें नसेल तेथें खालीं खार आहे असें धरून चालावें. हिरव्या रंगावर भुलण्याचा धोका याच गवतानें अधिक होतो.

दुसरें, डायनेब्रा रेट्रोफ्लेक्सा. हें वर्षायू गवत दीड ते तीन फूट वाढतें व काळ्या बागाइती जमिनींत, उसाच्या सरींतून नेहमीं दिसतें. दांड्यावर अनेक लहान कणसें ओळीनें, खालचीं लांब व वरचीं आंखूड. आरंभीं तीं वर रोखलेलीं असतात; पिकतांना एकेक करून मागें वळतात, खालीं झुकतात आणि अखंड गळून पडतात. ही खूण इतकी स्पष्ट आहे कीं एकदां पाहिलेला मनुष्य विसरत नाहीं. तें ओल व काळी माती सांगतें. खाराविषयीं निश्चित असें कांहीं सांगत नाहीं.

तिसरें, एकायनोक्लोआ कोलोना, म्हणजे सांव्याचा रानटी भाऊबंद. याची पक्की खूण म्हणजे जिव्हिका मुळींच नसणें. पानावर कधीं जांभळे आडवे पट्टे असतात. कणसांवर दाणे चार रांगांत दाटीनें, बिनकुसळाचे. हेंहि वर्षायू. पाणी थबकून राहणाऱ्या जागीं तें माजतें. तेव्हां हें गवत दाट असेल तर निचऱ्याची चौकशी आधीं करावी.

चौथें, क्लोरिस बार्बाटा. पांच ते पंधरा जांभळट, मऊ कुसळांचीं कणसें पंज्यासारखीं एकाच ठिकाणाहून निघतात. रस्त्याच्या कडेला, पडीक रानांत व किंचित खाऱ्या जागीं हें सर्वत्र येतें. तें सामान्यतः अल्पायु असलें तरी ओल मिळाल्यास दुसऱ्या वर्षासहि तग धरतें. म्हणून यास वर्षायू व बहुवर्षायू यांच्या सीमेवरचें समजावें आणि एकट्याच्या साक्षीवर कांहीं ठरवूं नये.

पांचवें, आपली हरळी. ही बहुवर्षायू आहे व बराच खार सोसते, पण उत्तम जमिनींतहि तितक्याच जोमानें वाढते. म्हणून हरळी आहे एवढ्यावरून कांहींच कळत नाहीं. मात्र चैत्रांत हरळीचीं चकांदळें कोठें संपतात व उघडी जमीन कोठें सुरू होते तें पाहावें. जेथें हरळीसुद्धां मागें हटली आहे तेथील खार उसास कधींच सोसणार नाहीं.

सहावें, लेप्टोक्लोआ फुस्का. हें उंच, राखट-हिरवें बहुवर्षायू गवत. फुलोरा लांब, त्यावर बारीक शिथिल कणसें. पाणथळ चोपण जमिनीचें हें खास गवत होय. हरयाणांत कर्नाल येथें १९६९ पासून खार जमिनींच्या संशोधनाची मध्यवर्ती संस्था आहे. त्या भागांत हें गवत चोपण जमीन सुधारण्याच्या कामीं लावतात, आणि कर्नाल गवत या नांवानें तें प्रसिद्ध आहे. आपल्या रानांत तें आपोआप आलें असेल तर पाणी व चोपणपणा या दोन्ही व्याधी तेथें आहेत असें समजावें.

साक्ष केव्हां घ्यावी

वरील सर्व विवेचनाचें सार एकाच नियमांत सांगतां येईल: पावसाळ्यांत वर्षायू गवत पाहून जमिनीचा सौदा करूं नये, जमीन दोनदां पाहावी, आणि त्यांतला एक फेरा उन्हाळ्यांत असावा.

पहिला फेरा भाद्रपद-आश्विनांत घालावा. त्या वेळीं गवतें फुलावर असल्यामुळें नांवें ओळखतां येतात. शेताचा कच्चा नकाशा काढून कोठें कोणतें गवत दाट आहे तें त्यावर टिपावें. दुसरा फेरा चैत्र-वैशाखांत, त्याच नकाशासह घालावा. वर्षायू गवतें तेव्हां मेलेलीं असतात. त्यांच्या जागीं काय आहे तें पाहावें. माती मोकळी, भेगाळलेली व स्वच्छ असेल तर भाद्रपदांतील हिरवळीस कांहीं अर्थ होता. पांढरी पापडी असेल तर जमीन खारवट आहे. वर काळसर, तेलकट थर असेल व पाणी टाकतांच तें न मुरतां गढूळ होऊन राहत असेल, तर जमीन चोपण आहे.

त्याच वेळीं जमिनींत सहा फूट खोल भोंक पाडून त्यांत पाणी किती खोलीवर लागतें तें मोजावें, व तें भोंक सच्छिद्र नळ घालून कायम राखावें. दर पौर्णिमेस काठी घालून मोजमाप टिपल्यास वर्षभरांत त्या जमिनीचें खरें वागणें कळून येतें. मातीचे नमुने अर्धा फूट, एक फूट, दोन फूट व तीन फूट अशा खोलींवरून वेगवेगळे घ्यावे. सर्व एकत्र मिसळूं नयेत, कारण खार कोणत्या थरांत दबा धरून आहे हेंच आपणांस पाहावयाचें असतें.

परीक्षेचा आंकडा वाचण्यासही थोडी माहिती लागते. मातीच्या संपृक्त अर्काची विद्युत्-वाहकता चार डेसिसायमन प्रति मीटर याहून अधिक असेल तर जमीन खारवट समजतात. सामू साडेआठाच्या वर आणि विनिमययोग्य सोडियम शेंकडा पंधराच्या वर असेल तर चोपण. परंतु सर्व पिकांची सोशिकता सारखी नसते. उसाचें उत्पन्न १.७ पासूनच घटूं लागतें. गहूं ६, ज्वारी ६.८ आणि कापूस ७.७ पर्यंत तग धरतो. म्हणजे ज्या जमिनींत शाळू बरा येतो तींत ऊस बरा येईलच असें नाहीं. आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. पुष्कळ प्रयोगशाळा संपृक्त अर्काऐवजीं मातींत अडीचपट पाणी घालून वाहकता मोजतात. त्या रीतीनें आंकडा बराच कमी येतो. तेव्हां आंकडा कोणत्या रीतीचा आहे हें विचारल्यावांचून वरील कोष्टकाशीं तो ताडून पाहूं नये.

खार आढळला तर

खार आढळला म्हणजे जमीन कामांतून गेली असें नाहीं. पण उपायांचा क्रम चुकूं नये. निचरा पहिला, बाकी सर्व नंतर. ओढ्यापर्यंत उतार मिळत असेल तर उघडे चर किंवा जमिनीखालून सच्छिद्र नळ घालून पाण्याची पातळी उतरवावी. हें काम एकट्याच्या शेतापुरतें क्वचितच साधतें. पाणी वरच्या शेजाऱ्याकडून येतें व खालच्या शेजाऱ्याच्या हद्दींतून जातें, म्हणून सखल पट्टींतील सर्व खातेदारांनीं मिळून चर काढला तरच त्याचा उपयोग. निचऱ्यावांचून पाणी देऊन खार धुऊं पाहणें म्हणजे पातळी आणखी वर आणणें होय.

जमीन केवळ खारवट असेल तर निचरा व गोडें पाणी यांनींच ती सुधारते. जिप्समचा खर्च तेथें व्यर्थ जातो. चोपण असेल तर मात्र मातीपरीक्षेवरून ठरेल त्या मानानें जिप्सम घालावें, व नंतर पाणी देऊन तें मुरूं द्यावें. शेणखत व साखर कारखान्यांतील प्रेसमड यांचाहि चांगला गुण येतो. हिरवळीच्या खतासाठीं अशा जमिनींत तागापेक्षां धैंचा घ्यावा. तो ओल व खार दोन्ही सोसतो. पावसाळ्यांत जें वर्षायू गवत येतें तें जाळूं नये. त्याची सांवली आहे तोंवर जमिनीवरून वाफ कमी होते व तितका खार कमी चढतो. फुलावर येतांच कापून वैरणीस घ्यावें, अथवा तेथेंच आच्छादन म्हणून पसरावें. जनावरें मात्र एकट्या खाऱ्या गवतावर ठेवूं नयेत. कडबा मिसळून द्यावा व पिण्यास मुबलक गोडें पाणी ठेवावें.

या कामीं सल्ला विचारण्यास लांब जावयाचें कारण नाहीं. बारामतीजवळ माळेगांव येथें २००९ मध्यें भारतीय कृषि अनुसंधान परिषदेची अजैविक ताण व्यवस्थापनाची राष्ट्रीय संस्था स्थापन झाली आहे. दुष्काळ, उष्णता व खार यांनीं पिकांवर येणारा ताण हाच तिच्या अभ्यासाचा विषय आहे. मातीपरीक्षेची सोय कृषि विज्ञान केंद्रांतहि आहे.

पणदऱ्यापासून सणसर-लासुर्ण्यापर्यंतच्या कालव्याखालील पट्टींत, तसेंच १९८० मध्यें उजनीचें धरण झाल्यापासून भीमेच्या कांठच्या उपसा बागाइतींत, पाणी व खार यांचा हा हिशेब प्रत्येक शेतकऱ्यास आपापल्या शेतापुरता मांडावा लागणार आहे. ज्या सभासदांच्या मनांत येत्या वर्षीं एखादा सखल तुकडा घेण्याचें अगर लावण्याचें असेल त्यांनीं लावण एक हंगाम पुढें ढकलावी, पण वैशाखांतला फेरा चुकवूं नये. त्या फेऱ्यास एक दिवस लागतो. चुकलेल्या लावणीचें कर्ज फेडण्यास कित्येक वर्षें लागतात.